बॅड सेक्टरमधले सुभानजी

मला काय येत नाही ते विचारा! मिक्सर खोलून परत बसवतो, गिझर खोलून परत बसवतो, आमच्या सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ तर मी दोनदा बसवलंय. दर वेळी एखादा स्क्रू उरतो, पण तो उरणारच. कंपनीवाले जादाच घालतात! कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क. प्रिंटर अडला की प्राचार्यसुद्धा म्हणतात, "विश्वजितना बोलवा." निम्म्या वेळेला प्रिंटरमध्ये कागद संपलेला असतो, पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यामुळं हंबीरतात्यांचा फोन आला तेव्हा मी बाह्या सरसावूनच उचलला.

"विश्वा, माजा कंप्युटर लई कण्हालाय रं! बटण दाबून आंगुळीला जातोय, पूजा करतोय, च्या पितोय, तरी ह्यो आपला गोलच फिरवालाय!"

हंबीरतात्या म्हणजे माझे चुलते. आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहतात. वय शहात्तर. जन्मभर शाळेत पीटी शिकवली, त्यामुळं "मीठ द्या" हे वाक्यसुद्धा ते मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि सहा वर्षं, एका बोटानं, आमच्या भावकीची वंशावळ टाइप केली. बारा पिढ्या!

हे नसते उद्योग कशासाठी, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे. आमचं गाव नेसरीच्या पलीकडं. गावच्या जत्रेत लक्ष्मीपुढं पहिला नारळ फोडायचा मान आमच्या भावकीतल्या थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाचा. आता थोरली पाती कुठली? आमची! आणि भावकीतल्याच दुसऱ्या पातीच्या आकारामआप्पांना विचाराल तर त्यांची! चाळीस वर्षं हाच घोळ. जो आधी गाभाऱ्यात घुसेल तो फोडणार, आणि आकारामआप्पांची माणसं आडदांड. दोनदा गडहिंग्लजहून पोलिसांना यावं लागलं. शेवटी यंदा ठरलं, जत्रेआधीच्या रविवारी देवळात बसायचं, ज्याच्याकडं कागद असेल त्यानं वाचायचा, आणि एकदाचा निकाल लावायचा.

कागद होता तात्यांकडंच. हेळवी माहीत आहे ना? दोन-चार वर्षांनी बैल घेऊन दारात येतो आणि तुमच्या घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो. आमच्या म्हाताऱ्या हेळव्याला तात्यांनी महिनाभर घरात ठेवून जेवू घातलं आणि सगळं वहीत उतरवून घेतलं. तो हेळवी गेल्या वर्षी वारला. वहीसुद्धा राहिली नाही. "कॉम्प्युटरात हाय की सगळं, वह्या कशाला साठवताय?" असं म्हणून ती रद्दीत कुणी घालायला लावली? मीच. आत्ताच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला धक्का बसायला नको.

"विश्वा," तात्या नेहमी म्हणायचे, "माज्या आज्ज्याला त्यो नारळ मिळाला न्हाय, बाला मिळाला न्हाय. मी एकदा फोडतो. मग वर जायला मोकळा." असं म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. तात्यांचा आवाज खाली येतो, ही गोष्ट साधी नाही.

तर तो कॉम्प्युटर. मी फोनवरच निदान केलं. "तात्या, हार्ड डिस्क म्हातारी झालीय. नवी एसएसडी घालू आणि क्लोन करू."

"म्हंजे?"

"म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर. अर्ध्या तासाचं काम!"

शनिवारी सकाळी दहाला आमच्या हॉलमधल्या टेबलावर शस्त्रक्रिया ठेवली. माझी बायको तेजस्वी शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "अहो, उद्या देवळातली बैठक. हे सोमवारी केलंत तर नाही का चालणार?"

"अगं, अर्ध्या तासाचं काम!"

"गिझरच्या वेळी पण हेच म्हणाला होता. आठवडाभर चुलीवर पाणी तापवलं मी."

बायका जुनं उकरून काढण्यात पटाईत असतात. मी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात तात्या आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची कुयरी, खिशात उदबत्ती.

"नवी वस्तू हाय. अशीच बसवायची व्हय? तुज्या बानं सायकल घेतली तवाबी आदी पूजा केलती."

मी जुन्या डिस्कचे स्क्रू काढण्यात गुंग. तात्यांनी पाटावर एसएसडी ठेवली, तिला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ बाहेर उंबऱ्यावर फोडला. सगळं यथासांग. मग मी दोन्ही डिस्क जोडल्या आणि क्लोनिंगचं सॉफ्टवेअर चालू केलं.

नवी डिस्क दिसेचना!

केबल बदलली. दुसऱ्या भोकात घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, म्हणजे पुन्हा पंधरा मिनिटं. नाही म्हणजे नाही. तासाभरानं मान खाली घालून राजारामपुरीतल्या अमरसिंहला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो माझा शाळेपासूनचा दोस्त.

"भावा, पिना साफ हायत का बघ. काय दिसालंय?"

मी डिस्क उजेडात धरली. "कुंकू."

 "परत सांग."

"कुंकू. आणि एक तांदूळ."

तो पुढची दोन मिनिटं नुसता हसत होता. त्याच्या दुकानात आणखी कुणीतरी हसत होतं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "मग? तोंडालाच लावायचं असतंय की! गाडीला काय मागच्या चाकाला लावता व्हय?" जुना टूथब्रश घेऊन पिना घासल्या आणि एसएसडी झटक्यात दिसली. तात्यांनी हात जोडले. "बगितलास? पूजा फळली."

क्लोन चालू! हिरवी पट्टी पळायला लागली. बारा टक्के! पंचवीस! तीस! मी तेजस्वीकडं असं बघितलं की आता बोल. छत्तीस! सदतीस!

सदतीसला पट्टी थांबली. पडद्यावर लाल अक्षरं आली. जुनी डिस्क वाचता येत नाही म्हणे! आणि डिस्कमधनं आवाज यायला लागला, टक्... टक्... टक्...

"ह्यो आवाज कसला?" तात्यांनी विचारलं.

"काम करतीय ती."

"माज्या गुडघ्यातनं डिट्टो असाच येतोय. त्यो काय काम करत न्हाय."

पुन्हा केलं. सदतीस. तिसऱ्यांदा केलं. सदतीस! पुन्हा अमरसिंह.

"भावा, बॅड सेक्टर हायत. डिस्कचा तेवढा तुकडा खराब झालाय. आता नीट आईक, पयला..."

बॅड सेक्टर म्हटल्यावर पुढचं मला माहीत होतं. मी फोन ठेवला आणि चेक डिस्क चालू केलं. खराब भाग शोधा आणि दुरुस्त करा, असा हुकूम आहे तो. कॉम्प्युटर कामाला लागला आणि किती वेळ लागणार तेही सांगायला लागला. आधी म्हणाला तीन तास. मग अकरा तास. मग चार मिनिटं. मग एकोणीस तास!

"स्टँडवरची चौकशीची खिडकी बरी रं ह्याच्यापेक्षा," तात्या म्हणाले.

डिस्कला हात लावला तर चटका बसला. यूट्यूबवर एकजण सांगत होता की तापलेली डिस्क अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली की शेवटचा एकदा जीव धरते. मी चेक डिस्क मध्येच बंद केलं, डिस्क प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली आणि मटारांच्या शेजारी ठेवली. तात्यांनी खुर्ची ओढून फ्रीजसमोर मांडली आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायला लागले.

"तात्या, दार उघडू नका," तेजस्वी म्हणाली. "पेशंटला भेटायची वेळ चार ते सहा."

अर्ध्या तासानं डिस्क बाहेर काढली, पुसली, जोडली. आणि सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात मला एक चौकट सापडली. 'खराब सेक्टर वगळून पुढे चला.' अरे वा! हे आधी का नाही दिसलं? हाणली टिचकी!

पस्तीस... छत्तीस... सदतीस... अडतीस! मी ओरडलो. तात्यांनी खिशातनं पीटीची शिट्टी काढली आणि अशी फुंकली की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. अडीच वाजता शंभर टक्के! जुन्या डिस्कनं शेवटचं टक् केलं आणि ती कायमची गप्प झाली. आता कोण विचारतंय तिला! नव्या डिस्कवर कॉम्प्युटर बारा सेकंदांत चालू झाला. तात्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा टेबलावर पडला.

"नाद खुळा, विश्वा! उद्या तेवढं छापून आण. मी फेटा इस्त्री करतो."

तात्या गेले. मी मोठ्या रुबाबात वंशावळीची फाईल उघडली. पहिली पिढी ठणठणीत. दुसरी, तिसरी, चौथी झकास. पाचवी पिढी... चौकोन. नुसते चौकोन! दीड ओळ चौकोन, त्यात एक प्रश्नचिन्ह, आणि मग थेट सहावी पिढी.

आणि पाचवी पिढी म्हणजे कुठली? जिथं दोन भाऊ वेगळे झाले ती! थोरला कोण, धाकटा कोण, हे लिहिलेली एकुलती एक ओळ! बारा पिढ्यांतल्या अकरा शाबूत आणि ज्या पिढीवर नारळ अवलंबून ती मी चौकटीत टिचकी मारून वगळली होती.

तेजस्वी मागं येऊन उभी राहिली. "बाकी काय काय होतं हो त्या डिस्कवर?"

मी बघितलं. पत्त्यांचा खेळ. रंकाळ्यावरचे तीन फोटो, तिन्हीत तात्यांचा अंगठा. आणि ही फाईल.

"म्हणजे कामाची फाईल एकच?"

"एकच."

"मग ती आधी पेन ड्राइव्हवर का नाही काढून घेतली? अर्धं मिनिट लागलं असतं."

बावीस वर्षं नोकरी केली मी. ऑडिटवाल्यांना उत्तरं दिलीत, माहितीच्या अधिकाराला उत्तरं दिलीत. हा प्रश्न ऐकला आणि चपला घातल्या. 

जुनी डिस्क घेऊन अमरसिंहकडं पळालो. त्यानं ती हलवली, कानाला लावली. "खपली. आरं, मी फोनवर तेच सांगालतो की, पयला फाईल काढून घे, मग दुरुस्तीच्या नादाला लाग! तू फोन ठेवलास!"

येताना ठरवलं, तात्यांना सरळ सांगून टाकायचं. त्यांच्या दारात गेलो तर तात्या आरशासमोर फेटा बांधून उभे. मला बघून वळले. "कसा दिसालाय? बाचा हाय ह्यो. त्येनं जपून ठेवलता, नारळाच्या दिवशी बांधायचा म्हणून. घडी मोडली न्हाय कदी."

 मी म्हटलं, "लई भारी, तात्या," आणि घरी आलो. आता माझ्यासारख्या माणसानं काय करायचं तुम्हीच सांगा! साडेचारला चहाचा कप शेजारी घेतला, ते चौकोन पुसले आणि टाइप केलं, 'पाचवी पिढी : सुभानजी, थोरले. मानाजी, धाकटे.' नावं कुठनं सुचली माहीत नाही, पण जुनी वाटत होती. मग वर-खाली वाचून बघितलं तर आमचे सुभानजी फारच किरकोळ वाटायला लागले. बाकीच्या पिढ्यांत कुणी विहीर पाडलेली, कुणी देवळाला घंटा वाहिलेली. म्हणून पुढं लिहिलं, 'सुभानजी अंगाने दांडगे. रानात वाघाशी झुंज देऊन वाघ मारिला.'

"वाघ कशाला?" तेजस्वीनं विचारलं.

"घराण्याला शोभतो."

"तुम्ही पालीला घाबरता."

रविवारी सकाळी देवळात दोन्हीकडची मिळून शंभरेक माणसं. एका बाजूला आम्ही, एका बाजूला आकारामआप्पा आणि त्यांची ती आडदांड माणसं. मधोमध खुर्चीवर धोंडुबाई. वय ब्याण्णव, सगळ्या भावकीत वडील, दोन्ही पात्यांच्या आत्या. त्यांचा शब्द शेवटचा, असं दोघांनीही देवीपुढं कबूल केलेलं.

तात्या फेटा सावरत उठले. गाडीत वाचलं की त्यांना मळमळतं, म्हणून कागद त्यांनी अजून उघडलासुद्धा नव्हता. पहिली पिढी. दुसरी. तिसरी. चौथी. आवाज पार वेशीपर्यंत जात होता.

पाचवीला तात्या थांबले.

चष्मा काढला. धोतराच्या सोग्याला पुसला. परत घातला. कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी देवळाच्या छताकडं बघायला लागलो. छत फारच चांगलं होतं.

"पाचवी पिढी!" तात्या गरजले. "सुभानजी, थोरले! मानाजी, धाकटे!" आणि वाघसुद्धा वाचला, चांगला सावकाश.

 आकारामआप्पा उठले. मी चपला कुठं काढल्यात ते आठवायला लागलो.

"सुभानजी!" आप्पांनी हात जोडले. "आवं, माजा आज्जा ह्येंचंच सांगायचा की! पर वाघ एक न्हवता. दोन हुते!"

"नर आनि मादी!" मागनं एक म्हातारा ओरडला.

"मारलं ती जागा आमच्या रानात हाय! अजून तितं ऊस येत न्हाय!"

"तलवार आमच्या माळ्यावर हुती! म्या हातात धरलीया!"

दहा मिनिटांत सुभानजी साडेसहा फूट उंच झाले, एका बैठकीला अख्खं बकरं खायला लागले. काल साडेचारला, चहा पिता पिता जन्माला घातलेला माणूस हो! मी आ वासून ऐकत होतो. एक-दोन गोष्टी तर इतक्या तपशिलात होत्या की मलाच शंका यायला लागली.

आणि मग आप्पा म्हणाले, "पर सुभानजी आमचं मूळपुरुष! तुमचं कसं?"

"कागदात काय लिवलंय? आमचं!" तात्या कडाडले. "तुमचं मानाजी!"

"मानाजी तुमचं! आमी सुभानजीचं!"

झालं! बाह्या वर गेल्या. मानाजीकडं कुणी ढुंकून बघेना. "सुभानजी आमचा!" "सुभानजी आमचा!" मला तर बेंबीच्या देठापासनं ओरडावंसं वाटत होतं, अरे सोडा, सुभानजी माझा आहे! दोघांनी एकमेकांची गचांडी धरली, तात्यांचा फेटा सुटायला आला, आणि माझ्या लक्षात आलं, मी नारळ तर घालवलाच, वर म्हाताऱ्याचं डोकं फुटायची सोय केली.

धोंडुबाईंनी काठी आपटली.

"गप बसा रं! हंबीर, सुभानजी तुजा मूळपुरुष?"

"व्हय, आत्ती."

"आकाराम, तुजाबी?"

"लक्ष्मीची आण!"

"मग एकाच बाची लेकरं झालासा की! कुटलं थोरलं आन् कुटलं धाकटं? एक वरीस ह्येनं फोडायचा, एक वरीस त्येनं. औंदा हंबीरनं कागद आणलाय, औंदा हंबीर फोडंल."

"पर आत्ती, त्या मानाजीचं काय?" कुणीतरी विचारलं.

"त्येला लेकरू न्हवतं," धोंडुबाई ठामपणानं म्हणाल्या. "आमची आज्जी सांगायची."

चाळीस वर्षांचं भांडण पाच मिनिटांत मिटलं! आप्पांनी तात्यांना मिठी मारली. तात्या रडत होते, आप्पा रडत होते, मीही रडत होतो, माझं कारण निराळं. निघता निघता ठरलं की जत्रेला वेशीत सुभानजींचा मोठा फ्लेक्स लावायचा, दोन्ही वाघांसकट.

परत येताना तात्या मागच्या सीटवर कागद छातीशी धरून बसलेले. तेजस्वी माझ्या शेजारी. मी गाडी चालवतोय आणि घाम पुसतोय. गडहिंग्लजच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही.

"तात्या, एक सांगायचंय. पाचवी पिढी डिस्कवरनं गेली. ते सुभानजी खोटे आहेत. मी घातलेत. वाघ पण मीच घातला. मला माफ करा."

तात्यांनी बशीत चहा ओतला. फुंकला. "वाचतानाच कळलं मला. मी काय आंधळा हाय व्हय?"

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? त्या हेळव्याला ती पिढी येतच न्हवती. चौथीवरनं थेट सहावीवर उडी मारायचा. थोरलं कोण आन् धाकटं कोण ते त्येच्या बालाबी ठावं न्हवतं."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे? मग आधी तिथं काय लिहिलेलं होतं?"

"रायाजी, थोरले."

"ते कुठनं आले?"

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा चक्क कुजबुजले. "मीच घातलेले. तीन म्हैने बसून काढलं हुतं ते."

म्हणजे मी दोन दिवस ज्या ओळीसाठी फ्रीझर, घाम आणि झोप घालवली, ती मुळात तात्यांचीच थाप! तेजस्वी हसून हसून बाकड्यावरनं पडायची राहिली. मी काही बोलणार, एवढ्यात तात्यांनी बशी दाणकन आपटली आणि आवाज पुन्हा मैदानावर गेला.

"आनि लेका, तू काय घातलास? तर वाघ! नुसता वाघ! माज्या रायाजीनं हत्ती लोळवला हुता हत्ती!"